तुम्ही विचारलंत म्हणून: ‘घरातलं वाईट’ घालवायचं कसं?

रविवारी उपासना संपली की दाराशी, नाहीतर आठवड्यात फोनवर, हा प्रश्न येतोच. “घरात काहीतरी आहे. झोप नाही, रोज भांडणं, पैसा टिकत नाही. सैतानाशी लढायचं कसं? कुणाला बोलवायचं का?” नाशिकच्या शरणपूर रोडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून येतो तसा सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतूनही येतो. विचारणारा खरोखर घाबरलेला असतो, म्हणून सविस्तर सांगते.

आधी शत्रू ओळखा. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे सासू, जाऊ, भाऊबंद, शेजारी, दुसऱ्या धर्माचा माणूस, यांच्यापैकी कुणीही तुमचा शत्रू नाही. “तिनेच काहीतरी केलंय” असं म्हणालात, की सैतानाला हवं होतं ते तुम्ही त्याला आयतं दिलंत. दिंडोरी-निफाडकडे काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला आणि द्राक्षाचे मणी तडकले, तर ते पावसानं तडकले, करणीनं नाही. सैतान येतो तो त्यानंतर, रात्री दोन वाजता, कर्जाचा आकडा डोळ्यांपुढे धरून, “आता जगून काय करायचं?” असं कानात सांगत. येशूनं त्याला लबाडीचा बाप म्हटलंय. त्याच अध्यायात पौलानं सांगितलेल्या शस्त्रसामग्रीत सत्याचा कंबरपट्टा पहिला येतो तो काही उगाच नाही.

ही सामग्री पौलानं बेड्यांत असताना लिहिली. पण उरस्त्राण (छातीचं कवच) आणि शिरस्त्राण त्याच्या आधी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५९व्या अध्यायात आहेत, आणि तिथे ती स्वतः परमेश्वरानं चढवलेली आहेत. तुमच्या अंगावर असतं ते त्याचं नीतिमत्त्व, तुमच्या चांगुलपणाची पुंजी नाही. ढालीसाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘दार’ या शब्दावरून आलाय. अंग झाकणारी मोठी ढाल. ती शेजारच्याच्या ढालीला भिडली की भिंत होते. पौलाच्या आज्ञाही सगळ्या अनेकवचनी आहेत. म्हणून एकट्यानं, दार लावून लढू नका. मंडळीतली दोन विश्वासू माणसं निवडा, त्यांना खरं काय ते सांगा. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं आहे. बोलावण्यात कमीपणा नाही.

आता रोजचं काम. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मनात दोष बोचतो तेव्हा तो कुठून येतोय हे ओळखायला शिका. पवित्र आत्मा नेमकं बोट ठेवतो: काल मुलाला विनाकारण मारलंस, त्याची क्षमा माग. त्यात परतीची वाट असते. दोष देणारा सैतान मात्र मोघम बोलतो: तू असाच, तुझं काही होणार नाही, देवाला तुझा वीट आलाय. त्यात वाट नसते. वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहा. पहिल्या जातीचं असेल तर पाप कबूल करा, नुकसान भरून द्या, आणि विषय संपवा. दुसऱ्या जातीचं असेल तर त्याखाली त्याला उत्तर देणारं एक वचन लिहा, रोमकरांस पत्र ८:१ सारखं (ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही), आणि मोठ्यानं वाचा. येशूनं अरण्यात, ४० दिवसांच्या उपासानंतर, हेच केलं. तिन्ही परीक्षांना त्यानं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या वचनांनीच उत्तर दिलं.

त्यानंतर राग. इफिसकरांस ४ मध्ये सूर्य मावळायच्या आत राग सोडायला सांगितलंय, आणि लगेच पुढे, सैतानाला वाव देऊ नका. घरातली तेढ वर्षानुवर्षं तशीच ठेवून खोल्या-खोल्यांतून तेल शिंपडण्यात अर्थ नाही. क्षमा करा, पण मारहाण होत असेल तर क्षमा म्हणजे तिथेच राहून मार खाणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा.

चुकतं कुठे तेही सांगते. याकोब ४:७ चा अर्धाच भाग पाठ असतो: सैतानाला अडवा. त्याच्या आधी ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे. देवापेक्षा सैतानाशीच जास्त बोलणं, तेही ओरडून, हे काही त्या पत्रात नाही. इफिसकरांस ६ मध्ये पुन्हा पुन्हा येतं ते ‘टिकून उभे राहा’. वचनाचा ताईत करणं ही दुसरी चूक. स्तोत्र ९१ दारावर चिकटवून निश्चिंत होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मंदिराच्या शिखरावर सैतानानं येशूला तेच स्तोत्र ऐकवलं होतं. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरलं आणि जखमी होऊन उघडेच पळाले. उपास करत असाल तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळू नये. त्यांनी टीव्ही-मोबाइल सोडावा, तोही उपासच.

आणि आजार. आवाज ऐकू येणं, फिट येणं, आठवडेच्या आठवडे झोप नसणं, जीव द्यावासा वाटणं, यासाठी आधी डॉक्टर. चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मनाची घालमेल असह्य झाली तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. भूत उतरवतो म्हणून कुणी माणसाला मारलं, साखळीनं बांधलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, मग तो पवित्र शास्त्र हातात धरून केलेला असला तरी. कॅथलिक चर्चमध्येही बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही फादरना भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी बघितली जाते. मार्क ५ मधला भूतबाधा झालेला माणूस सुटल्यावर कसा दिसला? कपडे घातलेला, शुद्धीवर, शांत बसलेला. आपल्या शरणपुरातही एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला, तो शाळेच्या आणि हातात दिलेल्या सुतारकी-लोहारकीच्या रूपानं. सोडवणुकीचं काम पुढे असंच, हळूहळू चालतं.

लहान मुलं घरात असतील तर रात्री त्यांच्यासमोर दुरात्म्यांच्या गोष्टी काढू नका. स्तोत्र ४ वाचा. आठच ओव्या आहेत, आणि शेवटच्या ओवीत माणूस निश्चिंतपणे अंग टाकून झोपी जातो. मुलं झोपेपर्यंत दिवा मंद ठेवून तिथेच बसा.