व्हिसा आधी की तिकीट आधी? बर्लिन ते रोम, चौघांचा रेल्वेप्रवास

आपल्याकडे लांबचा प्रवास ठरला की पहिला प्रश्न, तिकीट कन्फर्म होईल का. वेटिंग, आरएसी, तत्काळ यांची इतकी सवय की युरोपच्या गाड्यांचंही मी आधी तेच शोधत बसलो. तिकडे वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. बहुतेक वेळा तिकीट आदल्या दिवशीही मिळतं, फक्त आकडा बघून घाम फुटतो. सगळा मामला विमानासारखा: लवकर घ्याल तर स्वस्त, रेंगाळलात तर दुप्पट-तिप्पट.

मग घेऊन टाकायची की लवकर! पण आपल्या पासपोर्टवाल्यांची गोची इथेच होते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधी करता येतो खरा, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ, नाशिकहून मुंबईच्या खेपा, मग निकालाला साधारण पंधरा दिवस. आमचे पासपोर्ट परत आले तेव्हा निघायला बावीस दिवस उरले होते. आणि सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे नेमकं पैसे परत न मिळणारं तिकीट. व्हिसा नाकारला गेला तर मोठ्यांची माणशी ९० युरो फी गेलीच, वर तिकिटंही पाण्यात.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, सदुसष्ट वर्षांची आई आणि अकरा वर्षांची लेक. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, म्युनिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असा मार्ग. आधी युरेल पासचा, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांना चालणाऱ्या एकाच पासचा, हिशेब केला. (भारतीयांसाठी युरेल, इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी.) महिन्याभरात सात दिवस प्रवासाचा पास मोठ्या माणसाला साडेतीनशे युरोंच्या वर, आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांचं रिझर्व्हेशन त्यावर वेगळं. आईला साठीनंतरची सवलत आणि लेकीचा पास फुकट धरूनही सुटी तिकिटं स्वस्त पडत होती. रोज उठून नवं शहर गाठणाऱ्यांना किंवा आयत्या वेळी बेत बदलणाऱ्यांना पास परवडेल. आम्हाला सहाच टप्पे करायचे होते.

शेवटी तिकिटांचे दोन गट केले. व्हिसाआधी फक्त एकच काढलं, म्युनिक ते व्हेनिस. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीवरून जाणारी ही थेट गाडी साडेसहा-सात तासांची, दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे स्वस्त कोटा लवकर उडतो. जर्मन रेल्वेकडे ‘झुपर श्पारप्राइस’ आणि ‘श्पारप्राइस’ असे दोन स्वस्त दर दिसतात. पहिला आणखी स्वस्त, पण रद्द केला की शून्य. दुसरा प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत दहा युरो कापून रद्द होत होता. व्हिसा हातात नसताना दुसराच घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. चार युरो वाचवायला जाऊन रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. दोन्हींत गाडी ठरलेली असते, दुसऱ्या गाडीत बसता येत नाही. आणि तिकीट म्हणजे सीट नव्हे. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बहुतेक गाड्यांत सीटचे पाचेक युरो वेगळे भरावे लागतात. आईसाठी ते सगळीकडे भरले.

बाकी सगळं व्हिसा आल्यावर, त्याच रात्री. बर्लिन-प्राग गाडी दोन देशांची, म्हणून दोन्ही रेल्वेंच्या साइटवर विकली जाते. गाडी तीच, वेळ तीच, डबाही तोच, आणि भाव वेगळे! जर्मन साइटवर चौघांचं जे होत होतं त्याच्या जेमतेम निम्म्यात ते चेक रेल्वेच्या साइटवर मिळालं. तेव्हा वेळापत्रक जर्मन साइटवर बघा, तिथे जवळजवळ सगळ्या युरोपचं दिसतं, पण पैसे भरण्याआधी दुसऱ्या देशाचं दुकानही उघडून पाहा. शोधताना गावाचं तिथलं नाव माहीत असलेलं बरं: प्राग म्हणजे प्राहा, व्हिएन्ना म्हणजे वीन, फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे. या गाडीत डाव्या बाजूला बसा. ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी खिडकीला लागून येते आणि पलीकडे वाळूच्या दगडाचे उभे सुळके. आईने तेवढा वेळ जपमाळ बाजूला ठेवली होती.

प्राग-व्हिएन्ना रेजिओजेट या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाडीने गेलो. चार तास, सीट तिकिटातच, भाडं इतकं कमी की बसचा विचारही करू नये. व्हिएन्ना-म्युनिकला ऑस्ट्रियन रेल्वेचा ‘श्पारशीने’ हा स्वस्त दर मिळाला.

पैसे भरताना मात्र माझ्या बँकेच्या कार्डाने छळलं. ओटीपी येईपर्यंत पान बंद पडायचं, आणि परत येईपर्यंत भाव वर. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधीच चालू करून ठेवा आणि दुसरं कार्ड हाताशी असू द्या. साइटने भाव रुपयांत दाखवायची तयारी दाखवली तर नको म्हणा, युरोतच भरा.

म्युनिकहून एक दिवस साल्झबुर्गला गेलो, तो ‘बायर्न-तिकीट’वर. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दिवसभर कुठल्याही प्रादेशिक गाडीने फिरा, पाच जणांपर्यंत एकच तिकीट. पहिल्याचे तीस युरोंच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाचे थोडेच. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही चालतं. आयत्या वेळी घेतलं तरी भाव तोच. मेख एवढीच की सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर लागू होतं. मी हे वाचलं होतं आणि विसरलो होतो. नऊला पाच-सात मिनिटं कमी असताना गाडी समोर उभी, आई डब्यात चढलेली, आणि मोबाइलवरच्या तिकिटावर ‘०९:००’ दिसलं. तिला खाली उतरवलं. गाडी निघून गेली. पुढची तासाने. आईने काही न बोलता पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि बाकावर बैठक मारली. शेजारचा एक आजोबा वास घेऊन बघत होता, त्यालाही तिने तुकडा दिला.

इटलीत सरकारी त्रेनितालिया आणि खासगी इतालो या दोघांची स्पर्धा आहे. व्हेनिस-फ्लॉरेन्स सव्वादोन तास, फ्लॉरेन्स-रोम दीड. दोन्हींच्या साइट शेजारी उघडून सकाळ-दुपारच्या वेळा ताडून बघा, एका तासाच्या फरकाने भाव बराच उतरतो. फ्लॉरेन्स-पिसासारख्या ‘रेजिओनाले’, म्हणजे साध्या प्रादेशिक, गाड्यांची मात्र आधीपासून घाई करू नका, त्यांचं भाडं ठरलेलं असतं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर वैध तिकीट हातात असूनही दंड होतो. व्हेनिसला उतरायचं ते ‘सांता लुचिया’ला. ‘मेस्त्रे’ हे कालव्यांच्या अलीकडचं, मुख्य भूमीवरचं स्टेशन. आमचं हॉटेल मेस्त्रेत होतं, स्वस्त म्हणून घेतलेलं, आणि रोजच्या जाण्यायेण्यात ती बचत बरीचशी निसटली.

रोमहून विमानतळाला लिओनार्दो एक्स्प्रेस, माणशी १४ युरो, मध्ये न थांबता बत्तीस मिनिटांत. त्रास्तेवेरे स्टेशनवरून साधी लोकल आठ युरोंत नेते, पण तिथवर सामान ओढत जावं लागतं. मी मनात आकडेमोड सुरू केली तोवर आई बॅगेवर बसून म्हणाली, “आता कुठली गाडी स्वस्त ते मला सांगू नकोस.” १४ युरोवाली घेतली.