आधी कॅमेरा की आधी एडिटिंग? तुम्ही विचारलेत म्हणून

“मुलीला आधी फोटोग्राफीचा क्लास लावू, की फोटो एडिटिंगचा?” ठाण्यातल्या शाळेत चित्रकला शिकवत असल्यामुळे पालकसभेनंतर हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. तुम्हीही विचारलेत, म्हणून सांगते, की मी या दोन्हींपैकी एकही क्लास केलेला नाही. मला जे थोडेफार येते, ते नववीच्या मुलींबरोबर एक प्रकल्प करताना, आणि तोही एकदा पुरता फसल्यावर, शिकले.

प्रकल्प दिसायला साधा होता. तलावपाळीवर एकाच जागी उभे राहून सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशी मासुंदा तलावाची चार छायाचित्रे घ्यायची आणि त्यांच्या उभ्या पट्ट्या जोडून एकच चित्र तयार करायचे. मुलींनी मोबाइलवर उत्साहाने फोटो काढून आणले, आणि संगणकावर ते शेजारी शेजारी मांडल्यावर दिसले, की रात्र वगळता बाकीच्या तिन्ही वेळा जवळजवळ सारख्याच आहेत.

ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला संध्याकाळ ठाऊक नसते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेइतके उजळ यावे, एवढाच त्याचा हिशेब असतो, त्यामुळे भर दुपार तो उतरवतो आणि कातरवेळ चढवतो. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा आपणहून करतो ती रंगांची दुरुस्ती, मावळतीचा तांबूसपणाही बराचसा धुऊन टाकतो. “बाई, तो रंग एडिटिंगमध्ये घालू या ना!” असे म्हणून एकीने रंगाचा स्लायडर ओढला, तेव्हा पाणी, कठडा, बाकावरचे आजोबा असे सगळेच कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसू लागले. आकाश तर काही फोटोंत पूर्ण पांढरे झाले होते. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाचे आकडे ० ते २५५ असतात, आणि तिन्ही आकडे २५५ वर जाऊन टेकले, की त्या जागी ढगाचा मागमूसही राहत नाही. त्यावर दुसरे आकाश चिकटवता येते, पण त्या दिवशीचे परत आणता येत नाही.

दुसऱ्या खेपेला मुलींनी कठड्यावर खडूने खूण केली, व्हाइट बॅलन्स चारही वेळा दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप), कायम ठेवला आणि संध्याकाळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, मुद्दाम एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर, आणले. या वेळी संध्याकाळ संध्याकाळसारखी आली.

पट्ट्या जोडण्यासाठी आम्ही जिंप हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरले. त्यात चित्रे एकावर एक थरांनी, म्हणजे लेयरनी, रचतात, आणि लेयरवरचे झाकण म्हणजे लेयर मास्क. तो मला आधी स्वतःलाच नीट समजला नव्हता, मग मुलींना काय सांगणार! मास्कवर पांढरा रंग दिला, की त्या लेयरचा तेवढा भाग दिसतो आणि काळा दिला, की झाकला जातो, हे मी दोनदा वाचून दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, “म्हणजे रांगोळीचा छापा! भोक असेल तिथेच रांगोळी पडणार.” त्यापुढचे मात्र छाप्याला जमत नाही: करडा रंग दिला, तर लेयर अर्धवट दिसतो, आणि म्हणूनच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा एक ग्रेडियंट ओढताच दुपार आणि संध्याकाळ यांच्यामधली कापल्यासारखी रेघ विरघळून गेली. सगळे लेयर सुटे राहतील अशी मूळ फाइल वेगळी जपायची असते, हे आम्हाला एका मुलीने नुसते जेपेग ठेवून बाकी पुसून टाकल्यावर कळले. तिचे दोन तास गेले.

तेव्हा क्लास कोणताही लावा, पण त्याआधी तिला असे एखादे काम पुरे करू द्या, आणि पुरे म्हणजे कागदावर छापून हातात येईपर्यंत. आमची पहिली प्रिंट इतकी काळवंडलेली आली, की रात्रीच्या पट्टीत तलाव दिसेचना; मुलींनी संगणकाचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर ठेवून काम केले होते. तो निम्म्यावर आणून त्यांनी पट्टी पुन्हा उजळवली आणि दुसरी प्रिंट काढली, जिचे पैसे दुकानदाराने अर्थातच पूर्ण घेतले.