मुलाला उणे ०.४ देऊ नका

राश पद्धतीने, म्हणजे मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकत्र मोजणाऱ्या पद्धतीने काढलेले मुलांचे मापांक (क्षमतेचे आकडे) शाळेत पाठवायचे असतील, तर लॉजिटमध्ये, म्हणजे या पद्धतीच्या मूळ एककात पाठवू नयेत, मोजपट्टी बदलून घ्यावी. आणि बदलताना ० ते १०० ही पट्टी तर मुळीच घेऊ नये. या दोन्ही बाबतींत माझं मत आता पक्कं झालंय.

मी नागपुरात शाळांच्या चाचण्यांचं विश्लेषण करते. हिंगणा, काटोलकडच्या पाचवीच्या गणिताच्या चाचण्या माझ्याकडे येतात. विन्स्टेप्स या राश विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तरं भरली की मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच पट्टीवर मिळतं. शून्य म्हणजे प्रश्नांचं सरासरी काठिण्य. मूल आणि प्रश्न एकाच पातळीवर असतील, तर प्रश्न सुटण्याची शक्यता ५० टक्के. मूल एक लॉजिट वर असेल तर ७३ टक्के. डेन्मार्कचे गणिती जॉर्ज राश यांनी १९६० साली पुस्तकरूपात मांडलेली ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते.

पण शाळेत पोचतो तो नुसता आकडा. काटोलकडच्या एका मुख्याध्यापकांनी अहवाल पाहून विचारलं होतं, "मॅडम, पोट्ट्यानं पेपर तर लिवला ना जी! मंग उणे कसा काय आला तो?" प्रश्न अगदी रास्त. आपल्याकडे उणे म्हटलं की स्पर्धा परीक्षेत कापलेले गुण आठवतात. त्या मुलाने २० पैकी ८ प्रश्न बरोबर सोडवले होते, म्हणजे सरासरी काठिण्याचे दहा प्रश्न दिले तर साधारण चार सोडवणारं मूल. 'उणे ०.४' वाचून हे कोणाला कळणार?

पट्टी बदलली म्हणून माप बदलत नाही. नागपुरात आपण उन्हाचा पारा सेल्सिअसमध्ये सांगतो आणि पोराचा ताप फॅरनहाइटमध्ये, तसंच हे. सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी सांगायच्या: यूआयमीनमध्ये प्रश्नांच्या सरासरीला कोणता आकडा द्यायचा ते, आणि यूस्केलमध्ये एका लॉजिटचे किती एकक धरायचे ते.

खरा विचार लागतो तो आकडे निवडताना. ० ते १०० साठी लागणारे आकडे विन्स्टेप्स तक्ता २० मध्ये आयतेच देतं, म्हणून मोह होतो. पण शंभराच्या आतला आकडा दिसला की आपल्याकडे त्याचे टक्केच होतात आणि नजर थेट ३५ वर जाते. ३४ मापांकाचं मूल नापास ठरतं, कोणी तसं म्हटलेलं नसताना! मध्य, म्हणजे प्रश्नांच्या सरासरीचा आकडा, ५०० ठेवला तर दहावीच्या पाचशेपैकी गुणांशी गल्लत. म्हणून मी मध्य ३०० ठेवते.

यूस्केल मी ४५.५ घेते. राश पद्धतीचे शिकागोतले अभ्यासक बेंजामिन राइट यांच्या एका पट्टीत एका लॉजिटचे ४.५५ एकक होते, हे त्याच्या दहापट. यात सोय अशी की मूल प्रश्नापेक्षा ५० ने वर असेल तर तो सुटण्याची शक्यता ७५ टक्के, १०० ने वर असेल तर ९० टक्के. खाली गेलं तर २५ आणि १०. एवढं शिक्षकांच्या सहज लक्षात राहतं. आपलं उणे ०.४ चं मूल इथे २८२ वर येतं, आणि २८२ कडे बघून कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

नव्या पट्टीवर आणखी एक गोष्ट स्वच्छ दिसते. वीसही प्रश्न सारख्याच काठिण्याचे धरले, तर १० वरून ११ वर जाणं म्हणजे ९ एककांची वाढ, आणि १८ वरून १९ वर जाणं म्हणजे ३४ ची. कच्च्या गुणांत दोन्हीकडे वाढ एकाचीच. हुशार मूल 'फक्त एका गुणाने' पुढे गेलं म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, ते मला फार खुपतं.

मात्र प्रमाण त्रुटी, म्हणजे माप किती इकडेतिकडे असू शकतं याचा अंदाज, तीही त्याच पटीत वाढते. सॉफ्टवेअर ती आपोआप वाढवतं. हाताने एक्सेलमध्ये रूपांतर करणारे मापांक गुणतात आणि त्रुटी लॉजिटमध्येच ठेवतात. मग ०.४६ ची त्रुटी २८२ शेजारी नगण्य दिसते. खरी ती २१ आहे. १९ गुण मिळवणाऱ्याची तर ४७. म्हणजे वरच्या ३४ च्या वाढीचा डंकाही लगेच पिटू नये.

आणि मध्य प्रश्नांवरच बांधा, वर्गावर नको. वर्गाची सरासरी दरवर्षी ३०० धरली तर सरांनी वर्षभर घाम गाळून केलेली सगळ्या वर्गाची प्रगती कागदावरून गायब होते. पुढच्या वर्षीच्या चाचणीत काही प्रश्न तेच ठेवावेत आणि त्यांचं काठिण्य आधीच्या मापावर पक्कं करावं. मी अपूर्णांकांचे ठेवते, कारण पाचवीत मुलं तिथेच अडतात.

सध्या अहवालाच्या नमुन्यात '२८२' ऐवजी त्रुटी धरून '२६१ ते ३०३' छापून पाहतेय. जिल्हा परिषदेच्या शाळांसोबत असं कोणी केलं असेल, तर पालकसभेत ते कसं समजावलं, तेवढं मला जरूर कळवा.