फुकटची लाकडं

चुलीवरच्या मटण-भाकरीच्या ऑर्डरी घेते मी, भांडुपहून. जळण वखारीतून आणलं की नफा तिथेच निम्मा होतो. त्यामुळे 18 मे 2021 ला सकाळी जिकडे तिकडे आडवी झालेली झाडं बघून, खोटं कशाला बोलू, लोकांचं नुकसान दिसायच्या आधी मला जळण दिसलं. आदल्या दिवशीच तौक्ते चक्रीवादळ मुंबईला घासून गेलं होतं. कुलाब्याला वारा ताशी 114 किलोमीटर. लॉकडाऊनमुळे ऑर्डरी बंद होत्या, पण ओलं लाकूड आज आणावं तेव्हा कुठे थंडीत ते पेटतं.

मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. रस्त्यावरचं पालिकेच्या माणसांनी तोडून वाट मोकळी केली होती, कंपाउंडात पडलेलं आम्ही उचललं तर त्यांना हवंच होतं. मी, मामा आणि भाचा टेम्पो घेऊन गेलो.

भाचा थेट गुलमोहराला भिडला, कारण ढीग तिथे मोठा. मामाने एक ढलपी उचलली, हातात तोलली आणि टाकून दिली. गुलमोहर ओला असतो तेव्हा पाण्याने जड, वाळला की हलका होतो. भुरुभुरु जळतो आणि राख होतो. हंडीला निखारा लागतो, नुसती ज्वाळ नाही.

त्याच्या पलीकडे एक जाड ओंडका होता, पानं झडलेली. कशाचा ते सालीवरून मला कळेना. भाच्याने करवत लावली आणि पाचव्या मिनिटाला त्याला शिंका सुटल्या. एक, दोन, सात. त्या दिवसांत शिंक म्हणजे काय, आठवत असेलच. वरच्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. मामा मात्र खूश. "शिरीष आहे. याचा भुसा नाकात गेला की असंच होतं." मास्क नाकावर चढवून दोघांनी तो चिरला. आतला गाभा गडद तपकिरी, बाहेरचा थर फिकट. घेतला.

चिंचेची एक मोडलेली फांदीही मिळाली. कुऱ्हाड तिच्यावरून उडते, पण निखारा तासन् तास टिकतो. तिच्यासाठी मी दुसऱ्या खेपेलाही आले असते.

मग भाच्याने कुंपणाजवळून सरळ, बोटाएवढ्या काटक्यांची मोळी बांधून आणली. पानं सोलून टाकलेली, अगदी नीटनेटकी. "मावशी, पेटवायला मस्त." मी एक मोडली. पांढरा चीक आला. चीक तर वडालाही येतो, उंबरालाही. पण मोळीच्या दोरीत एक हिरवं, टोकदार कंगोऱ्याचं फळ अडकलं होतं. बिट्टी! लहानपणी याच्या बियांनी आम्ही खेळायचो आणि तोंडात घातली तर आई धपाटा घालायची. पिवळी कण्हेर. मुळापासून बीपर्यंत विषारी, हृदयावर जाणारं विष.

मी घाबरले त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पाडलेल्या चाळीच्या सागवानी चौकटी फुकट मिळाल्या म्हणून जाळल्या होत्या. ऑइल पेंटचा वास थेट रश्शात उतरला आणि साठ माणसांचं जेवण गटारात गेलं. पैसे परत केलेच, वर ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. ते नुसत्या वासाचं होतं.

भाच्याला साबणाने हात धुवायला पाठवलं. मोळी बाजूला ठेवली तर वॉचमनकाका आले. "ताई, नको असेल तर मला द्या. आंघोळीचं पाणी तापवीन."

"काका, याचा धूरही वाईट. दुसरं काय हवं ते न्या."

"आंघोळीलाच तर हवंय."

त्यांना गुलमोहराच्या ढलप्या भरून दिल्या. बिट्टीची मोळी मी स्वतः उचलून पालिकेच्या गाडीत टाकली आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिले.