दोन बाय दोन

आईचा फोटो काढायला दुकानात शिरलो आणि लाइट गेले. पंखा थांबला तशी आई पदरानं वारा घेत स्टुलावर बसून राहिली. मागे पांढरा पडदा, अंगावर गडद निळी साडी. पांढरी नको म्हणून मीच सकाळी बदलायला लावली होती.

दादानं न्यू जर्सीहून तिचे ग्रीन कार्डाचे कागद लावलेत. तिला तिकडे कायमचं जायचंय असं मुळीच नाही. पण लावून ठेवायला काय जातं, असं त्याचं म्हणणं. मुंबईला मुलाखतीला जाताना दोन सारखे फोटो न्यायचे. दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे आपल्या पासपोर्ट साइजसारखे उभे नाहीत, बर्फीसारखे चौकोनी. हनुवटीपासून माथ्यापर्यंत डोकं २५ ते ३५ मिलिमीटर भरलं पाहिजे. मला असल्या मापांचं वेडच आहे. पर्समध्ये पट्टी टाकूनच निघाले होते.

फोटो म्हटलं की मला तालुक्याचा स्टुडिओ आठवतो. दहावीच्या फॉर्मसाठी गेले होते. आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा, त्याच्या दातांत अख्ख्या तालुक्याचं खोबरेल. खिळ्याला एक कोट, ज्याला हवा त्यानं घालावा. फोटोग्राफर दोन बोटांनी हनुवटी धरून आपली मान वळवायचा, 'हलायचं नाही' म्हणायचा आणि मग इतका वेळ लावायचा, की सगळ्यांचे चेहरे शिंक अडल्यासारखे यायचे. हसू नका, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे.

लाइट आले. "काकू, चष्मा काढा." अमेरिकेला १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्यातला फोटो चालत नाही. आईनं काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळगे. तिला लग्नाआधीपासून चष्मा. जागेपणी बिनचष्म्याची मी तिला क्वचितच पाहिलीय. "टिकली राहू दे का गं?" राहू दे म्हटलं, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

पहिला प्रिंट बघून मी चपापलेच. पोरानं सवयीनं गालावरचा तीळ आणि कपाळावरच्या आठ्या पुसून टाकल्या होत्या. "सगळ्यांनाच करून देतो, ताई." पण अमेरिकावाल्यांना फोटोवर हात फिरवलेला चालत नाही. आठ्या परत आणवल्या. त्यानं त्या जरा नाराजीनंच आणल्या.

मग आईनं चष्मा पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फोटो लांब धरून बघत राहिली. आता म्हणणार, किती म्हातारी दिसतेय मी.

"ही तर आई."

"कुणाची?"

"माझी. अगदी अश्शीच दिसायची."

आजीला चष्मा कधी नव्हता. तिचा फोटोही नाही. एकदा काढायचं ठरलं, तेव्हा ऐन वेळी ती गोठ्यात जाऊन बसली म्हणे. मी काही तिला पाहिलेलं नाही.

चारातले दोन फाइलीत गेले. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो आणि मुलाखतीच्या तारखेचा अजून पत्ता नाही, त्यामुळे ही सगळी वरात परत काढावी लागेल असं दिसतंय. उरलेल्यांपैकी एक पाकिटातच आहे. दुसरा परवा आईच्या पोथीत सापडला. पाठीवर तिनं पेनानं आजीचं नाव लिहिलंय.