पद्मिनीखालचं अंथरूण

गाडी मागच्या नोंदीतलीच, प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. जागाही तीच, साताऱ्यातल्या घरामागची पत्र्याची शेड, खाली शाहाबादी फरशी. सायलेन्सर उतरवून झाला, सेंटर बेअरिंग (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला मधोमध धरणारं) समोर दिसायला लागलं आणि मग काम थांबलं. कारण इथून पुढचं सगळं उताणं झोपून करायचं होतं. त्यामुळे या नोंदीत गाडी कमी आणि अंथरूण जास्त.

पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे पोटाखाली पुढून मागेपर्यंत कामच काम. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनची ग्रीस निपलं, मग गिअरबॉक्स, मध्ये दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट, मागे हौजिंग (मागच्या आसाचं कवच) आणि स्प्रिंगचे पाटे. ग्रीसची गन घेऊन पाच मिनिटं जाऊन यायचं असेल तर माणूस नुसत्या फरशीवरही पडतो. पण गंजलेल्या नटाशी तासभर झोंबायचं तर पाठीखाली काय आहे याला फार महत्त्व येतं.

आधी उंचीचा हिशेब, कारण निम्मी निवड तिथेच होते. गाडी चार स्टँडवर घेतल्यावर फरशीपासून सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटपर्यंत मला ४२ सेंमी मिळतात. उताणं झोपल्यावर माझी छाती २४ सेंमी. म्हणजे नुसत्या फरशीवर १८ सेंमी मोकळे उरतात. एवढ्यात कोपर दुमडून पाना फिरवता येतो. पाठीखाली जे काही घालू त्याची जाडी या १८ मधून वजा होणार. चार इंची गादी घातली तर झोप छान लागेल, पाना फिरणार नाही.

म्हणून चाकांच्या पाटाबद्दल माझं मत जरा कडू आहे. बाजारात मिळणारा क्रीपर फोटोत रुबाबदार दिसतो. एका मित्राकडून मागून आणला आणि वापरून पाहिला. गुळगुळीत काँक्रीट किंवा एपॉक्सीची जमीन असेल तर त्याला तोड नाही. शाहाबादीवर मात्र दोन फरश्यांच्या सांध्यात पुढचं चाक बसतं आणि आपण अर्धे आत, अर्धे बाहेर. खाली पडलेला एखादा वॉशरही चाकाला अडवायला पुरतो. केस लांब असणाऱ्यांनी तर चाकांपासून डोकं जपावंच.

पण क्रीपरचा खरा दोष सांध्यांत नाही. तुम्ही पाना ओढता तेव्हा नट तुम्हाला तेवढ्याच जोराने उलट ओढतो. ३० सेंमीच्या पान्यावर १५ किलोचा जोर लावला की नटावर साधारण ४५ न्यूटन मीटरचा पीळ पडतो, आणि तेच १५ किलो तुमच्या खांद्यातून पाटाला मिळतात. पाटाला चाकं आहेत. तो निघाला. नट तिथेच, तुम्ही वीतभर पलीकडे. पाय रोवून धरता येतं, पण मग चाकं कशाला हवीत? पाहणी करायला, ग्रीस मारायला, खालून रंगाचा हात द्यायला क्रीपर उत्तम. जोराच्या कामाला तो अंगाखालून पळतो.

मिस्त्रीकाकांनी मधला मार्ग सुचवला. स्वस्तात बेअरिंगचा पाट. लहानपणी उतारावर हाकायची बेअरिंगची गाडी आपण सगळ्यांनी केलेली आहे, तेच तंत्र. ६२०४ नंबरचं बेअरिंग बाहेरून ४७ मिमी भरतं. प्लायच्या वर आपण आणि खाली चाकं, असं केलं तर सहज सहा-सात सेंमी जातात. त्यांची युक्ती अशी की दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या घ्यायच्या, बेअरिंगं पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला बसवायची आणि प्लाय पट्ट्यांच्या खालून ठोकायचा. पाठ जमिनीपासून दोनेक सेंमीवर येते. डोकं एकदम चांगलं आहे यात. पण लोखंडी बेअरिंग शाहाबादीवर फिरताना जो खडखडाट होतो तो दुपारी दोन वाजता शेजारच्या आजींना चालणार नाही, आणि पळून जायचा दोष तसाच राहतो. ठेवून दिला.

आता न पळणारी अंथरुणं.

पोतं आपल्याकडचं सगळ्यात जुनं. साखरेचं ज्यूटचं पोतं चार बाजूंनी उसवून पसरलं की माणसापुरतं होतं. हवा खेळते, घाम टिपतं, जमिनीला धरून राहतं. पण ते इतकं धरून राहतं की आत सरकायला गेलं की पोतं जागेवर आणि सदरा मानेपर्यंत वर. तेल प्यायलेलं पोतं वाळत नाही, नुसतं जड होत जातं. सुताचे तुकडे उडून डोळ्यात जातात ते वेगळंच. प्लास्टिकच्या विणीचं खताचं पोतं उलट फार निसरडं.

पुठ्ठ्याचा मी अजून चाहता आहे. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका मिळाला तर सोडू नका. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या कुठल्या दिशेने आहेत ते पाहून कापा. त्या अंगाच्या लांबीला समांतर असल्या तर आत सरकताना कड दुमडत नाही. आडव्या असल्या तर खांद्याखाली तो चुरमडतो आणि गठ्ठा होतो. पुठ्ठ्याचा आणखी एक फायदा म्हणजे गळती तो कागदावर लिहून दाखवतो. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवला तर सकाळी थेंब कुठे पडलाय ते दिसतं. माझ्या गाडीत इंजिनखालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग गळतंय असा समज होता, पण डाग बराच मागे, गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलच्या खाली निघाला. वाऱ्याने तेल मागे पसरतं म्हणून वरून पाहून फसायला होतं. उभ्या गाडीखालचा पुठ्ठा फसवत नाही.

पण पेट्रोलच्या पाइपचं काम असेल तेव्हा पुठ्ठा आणि पोतं दोन्ही बाहेर काढा. दोन्ही पेट्रोल शोषून घेतात आणि तुमच्या पाठीखालीच धरून ठेवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. तुमचं नाकही तिथेच असतं. शेडची दोन्ही दारं उघडी हवीत आणि वायरचा जुना बल्बचा दिवा नको, एलईडीची बॅटरी घ्या.

योगा मॅटबद्दल दोन वाक्यं. सहा मिलिमीटरची मॅट पाठीला बरी, पण तिचं कामच मुळी न सरकणं, त्यामुळे आत जायचं तर कुल्ल्यांवर उड्या मारत जावं लागतं. रॉकेलचे चार थेंब पडले की ती चिकट होते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या, लहान मुलांच्या खोलीतल्या, त्याही पाहिल्या. सरकताना सांधे सुटतात, आणि लोखंडाचा बारीक कीस फोममध्ये रुतून बसतो तो पुढच्या वेळी पाठीला सापडतो.

फ्लेक्स मात्र मनात भरला. कुठल्याही गावात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स मिळणं अवघड नाही. आमच्या चौकात तर दर आठवड्याला नवीन नेतृत्व उगवतं. छापील बाजू खाली, पांढरी बाजू वर. भावी आमदार फरशीकडे तोंड करून, आपण त्यांच्या पाठीवर. फ्लेक्स फरशीवर सहज सरकतो, तेल पीत नाही, साबणाच्या फडक्याने पुसला की झाला. आणि पांढऱ्या बाजूचा जो उपयोग मला आधी सुचलाच नव्हता तो म्हणजे उजेड. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश फ्लेक्सवरून उसळून गाडीच्या पोटावर जातो, काळ्याकुट्ट कोपऱ्यातल्या नटाचं डोकं दिसायला लागतं. हातातून सुटलेला स्प्रिंग वॉशरही पांढऱ्यावर लगेच सापडतो. शाहाबादीच्या राखाडी रंगावर तो शोधायचा म्हणजे अर्धा तास गेला.

फ्लेक्सची उणीव म्हणजे जाडीच नाही. हाडं फरशीला टेकतात, मे महिन्यात घामाने पाठ चिकटते, डिसेंबरात फरशीचा गारठा थेट वर येतो. म्हणून त्यावर काहीतरी हवं, पण फक्त हवं तिथेच. माणूस उताणा झोपला की जमिनीला टोचतात त्या जागा मोजक्या. खांद्याची दोन हाडं, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू. कंबरेची कमान तर उचललेलीच असते.

शेवटी केलं ते असं. फ्लेक्सचा तुकडा ११० सेंमी लांब, ९० रुंद. त्याच्या मधोमध, खांद्यांपासून बैठकीपर्यंत, ५० सेंमी रुंदीची १० मिमीची ईव्हीए फोमची शीट, तिच्यावर रेक्झिन. रेक्झिन अशासाठी की कीस आणि तेल फोमपर्यंत पोचूच नये. सोल्युशनने चिकटवलं असतं तर रॉकेलने सुटलं असतं, म्हणून सीटकव्हरवाल्याकडे नेऊन चारी बाजूंनी मशीन मारून घेतलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि काही न विचारता शिवून दिलं. दोन्ही बाजूंना २०-२० सेंमी पांढरी पट्टी उरते, तिथे गोटी पाने आणि काढलेले नट. वरच्या कडेला जुन्या सीटबेल्टचा पट्टा शिवलाय, बाहेरून कुणी ओढलं तर अंथरुणासकट मी बाहेर.

यातली महत्त्वाची गोष्ट लांबी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पाय बाहेर राहतील असंच अंथरूण कापलं. ते मांडीपाशी संपतं, गुडघे दुमडले की टाचा उघड्या फरशीवर येतात. टाच उचलली की फ्लेक्स निसरडा, हवं तिथे सरकता येतं. टाच रोवली की ब्रेक लागला, मग पान्यावर लोंबकळा. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट याच पद्धतीने सुटले. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं हे खरं, पण क्रीपरवर झोपून ते सुटले असते असं मला वाटत नाही.

आता डोकं. पाठीची एवढी चर्चा होते, पण खरी दुखते ती मान. वर बघायला डोकं उचलून धरावं लागतं आणि दहा मिनिटांत मानेचे स्नायू थरथरायला लागतात. जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यात चिंध्या भरल्या, दोन्ही टोकं बांधली. ही उशी अंथरुणाला जोडायची नाही, सुटी ठेवायची. गिअरबॉक्सकडे बघताना ती मानेखाली लागते, हौजिंगकडे सरकलं की डोक्याखाली. डोळ्यांवर चष्मा हवाच, उताण्या माणसाच्या डोळ्यात गंज नेम धरल्यासारखा पडतो.

अंथरूण कितीही चांगलं झालं तरी वरची गाडी पडली तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून हेही इथेच लिहून ठेवतो. गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. विटांवर, सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवू नका, ते न सांगता फुटतात. मागचा भाग उचलण्याआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे पाचर. शाहाबादी फरशी हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा, पोकळ वाजली तर तिच्यावर स्टँड नको, तडकते. मी प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी प्लायचा चौकोन ठेवतो. अंथरुणाची कड कुठल्याही स्टँडखाली जाता कामा नये, नाहीतर ते ओढताना स्टँडही ओढला जाईल. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीपाशी आडवं सरकवून ठेवतो. सगळं लावून झाल्यावर गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी चांगला हिसका द्यायचा, मग खाली जायचं.

कटर किंवा ग्राइंडर चालवायचा असेल तर हे अंथरूण चालत नाही. फ्लेक्स आणि फोम दोन्हींना ठिणगी सोसत नाही. तेव्हा सगळं गुंडाळून बाहेर, फरशीवर साधा पत्रा आणि बाजूला पाण्याची बादली. सायलेन्सरचा क्लँप कापला तेव्हा असंच केलं. पत्र्यावर झोपणं सुखाचं नाही, पण ते दहा मिनिटांचंच काम होतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. पावसाळ्यात साताऱ्यात फरशी दमट असते, ओल आणि फ्लेक्स यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि ओला फ्लेक्स फरशीला चिकटून बसतो. सरकणं बंद. सध्या फरशी कोरड्या फडक्याने पुसून वर लाकडाचा भुसा भुरभुरवतो. चालतं, पण भुसा नंतर ग्रीसमध्ये जातो आणि बेअरिंगच्या कामात तो नको. फ्लेक्सच्या खालून प्लास्टिकच्या दोन सपाट पट्ट्या शिवून पाहायचा विचार आहे. ओल्या फरशीवर कुणी दुसरा उपाय केला असेल तर जरूर सांगा, शाफ्टचे क्रॉस (त्याच्या टोकांचे वळते सांधे) काढायला त्याच्या आधी मी खाली जाणार नाही. तोवर सेंटर बेअरिंगचं नवीन रबर मिळवायचंय, जुनं हातात आलं तेव्हाच त्याचे दोन तुकडे झाले होते.