कर्लीच्या खाडीत वल्हवायला शिकताना

खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याने पुढे न्यायची छोटी चिंचोळी होडी, चालवायची असेल, तर वल्हे हातात घेण्याआधी पंचांग हातात घ्यावे लागते. मालवणजवळच्या देवबागच्या ज्या वयस्क होडीवाल्या काकांकडे मी शिकायला गेले, त्यांनी पहिल्याच भेटीत मला पोहता येते का हे विचारले आणि लगेच आज तिथी कोणती तेही विचारले. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूला लाटा फुटतात, तर दुसऱ्या बाजूला खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एखाद्याला तिथी माहीत नसते म्हणजे काय, हे येथे वाढलेल्या काकांना समजावून घ्यावे लागले. कोल्हापूरच्या आमच्या घरी तिथीचा संबंध उपवासापुरता आणि सणांपुरताच होता.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या आसपास. चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, तेच गणित या पाऊणपटीत बसवलेले आहे. हा हिशोब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. मालवणकडे भरती त्याहून साधारण तासभर आधी येते आणि खाडीच्या तोंडापासून जसजसे आत जावे, तसतसा तिला पुन्हा उशीर होत जातो. त्यामुळे पाऊणपटीने ढोबळ वेळ काढायची, छापील कोष्टकाशी ताडून पाहायची आणि शेवटी जेटीच्या खांबावरची ओली रेघ बघायची, अशी सवय काकांनी मला लावली. नवशिक्याने अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत शिकावे. तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते आणि ओढही मंद असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला देवबागच्या संगमावर नदीचे उतरते पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. त्या ठिकाणी नवख्याने जाऊच नये, हे त्यांनी मला फार स्पष्ट शब्दांत सांगितले.

पहिले दिवस पाण्यात पडण्यातच गेले, कारण शिकवणीची सुरुवातच तिथून होती. माझी कयाक वर उघडी असलेली, आसन वरच्या बाजूला असलेली आहे. ती उलटली तर आत अडकण्याचा धोका नसतो, मात्र खोल पाण्यात ती सुलटी करून पुन्हा वर चढता आलेच पाहिजे. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट आवळलेले हवेत, नाहीतर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकते. उलटलेल्या कयाकेच्या तळावरून हात पलीकडे टाकून तिची कड ओढायची, ती सुलटी झाली की आधी वल्हे तिच्यावर टाकायचे, पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून जोराने मारायचे, पोटावर आडवे पडत वर सरकायचे, मग कुशीवर वळून बसायचे. छाती वर उचलून चढू पाहणारा माणूस कयाक पुन्हा अंगावर घेतो. हे सगळे जमल्यावरच काकांनी मला काठापासून दूर जाऊ दिले. वल्हवण्याबद्दल त्यांचे सांगणे एका वाक्यात संपले : ‘‘हातान नको, कंबरेन वल्हव.’’ वल्हे पायांच्या रेषेत पाण्यात घालायचे, धड वळवून ते नितंबापर्यंत आणायचे आणि तिथेच बाहेर काढायचे. दंडाच्या जोरावर माणूस अर्धा तास टिकतो. धडाच्या वळण्यावर सकाळभर.

पुढचा टप्पा नेरूरपारच्या पुलापासून देवबागपर्यंत खाडीतून खाली येण्याचा होता. त्यासाठी हिवाळ्यातील अष्टमीची सकाळ निवडली, आणि त्या निवडीमागे पाण्याइतकाच वाराही होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा पश्चिमेकडे जाताना वारा पाठीशी असतो. ऊन तापले की खारे वारे सुरू होतात आणि तीच वाट समोरून अडवली जाते. म्हणून पूर्ण भरतीच्या सुमारास पुलाखालून निघायचे, ओहोटीच्या पाण्याबरोबर उतरायचे आणि खारा वारा जोर धरण्याआधी देवबाग गाठायचे, असा बेत होता. काका त्यांच्या लाकडी होडीतून मागे होते. निसर्गाला अनुसरून जगावे, असे आपण अनेकदा म्हणतो. तिथे ते म्हणायची गरजच नव्हती. निघण्याची, थांबण्याची आणि परतण्याची वेळ पाण्याने आणि वाऱ्याने ठरवून दिलेली होती आणि तिच्यात माझ्या सोयीला जागा नव्हती. मला त्याचे ओझे वाटले नाही, उलट मोठा दिलासा वाटला.

कयाकेत बसले की डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर येतात. पुलावरून एकसारखे हिरवे दिसणारे कांदळवन, म्हणजे खाडीकाठी खाऱ्या पाण्यात वाढणारे जंगल, त्या उंचीवरून वेगळे दिसते. पाण्याच्या अगदी कडेला पांढरी चिप्पी ही कांदळवनातली झाडे उभी होती. तिची फुले संध्याकाळी उमलतात आणि एका रात्रीची असतात. वटवाघळे आणि पतंग त्यांच्याकडे येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा गळून पडलेले पांढरे पुंकेसर पाण्यावर विखुरले होते आणि ओहोटीबरोबर माझ्याच वेगाने समुद्राकडे निघाले होते. याच पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. थोडे पुढे कांदळ या दुसऱ्या झाडाच्या फांद्यांना शेवग्याच्या शेंगांसारखी लांब रोपे लोंबत होती. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि वाढलेले रोप खाली पडते. चिखल मिळाला तर तिथेच उभे राहते, नाहीतर तरंगत दुसरा काठ शोधते. तिवराच्या पानावर बोट फिरवले तर खारट कण बोटाला लागतात, कारण मुळांनी ओढलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पाणी उतरू लागले तसा काठाचा गाळ उघडा पडला आणि त्यावर तिवराची सरळ वर आलेली श्वसनमुळे व त्यांच्यामधून उड्या मारणारे निवटे मासे दिसू लागले. कांदळाच्या मुळांवर कालवे, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेली असतात आणि त्यांची धार हात कापते, म्हणून मुळांना धरून थांबायचे नाही, हेही तिथेच कळले.

एक आडवी चिंचोळी वाट कांदळवनात आत शिरत होती. मला आत जायचे होते, पण काकांनी मान हलवली. पाणी उतरत असताना अशा ओहळात शिरले तर परत येईपर्यंत तळ लागतो आणि तिथला गाळ पाय ठेवण्याजोगा नसतो. शिवाय ओहोटीच्या त्याच तासांत बगळे आणि तुतारी पक्षी तिथे खायला उतरतात. आपण आत शिरलो की ते उठतात आणि त्यांची खाण्याची वेळ वाया जाते. कयाकेला इंजिन नसते, म्हणून ती निरुपद्रवी, हे मला मान्य नाही. ती आवाज न करता फार जवळ जाऊ शकते आणि म्हणूनच अंतर राखण्याची जबाबदारी वल्हवणाऱ्यावर अधिक येते.

काठ इतक्या जवळून पाहिला की त्याची दुखणीही दिसतात. एका वळणावर माडांची रांग काठावरून पाण्यात कलली होती, मुळे उघडी पडली होती आणि लाल मातीची कड ताजी तुटलेली होती. समोरच्या पात्रात रात्री पंपाने वाळू उपसली जाते, असे त्या काठावरच्या लोकांनी सांगितले. पात्राचा तळ खोल गेला की काठाचा पाया सुटतो, आणि वेगाने जाणाऱ्या प्रत्येक यांत्रिक होडीची लाट त्या सुटलेल्या मातीवर आपटते. किनारी नियमांनी वाळूचे पट्टे काढण्याची मुभा दिली आहे ती पारंपरिक व्यवसाय करणाऱ्यांना आणि हाताने काढण्यापुरती. पंपाला ती नाही. जिथे चिप्पी आणि कांदळ शाबूत होते, त्या काठावर लाट मुळांत शिरून विरत होती. हा फरक मी एकाच सकाळी, एकाच पाण्यावर पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितले, त्याचे कारण मला त्या तुटलेल्या कडेपाशी पुरते उमगले.

आम्ही एका ठिकाणी कांदळाच्या मुळांत गुंतलेले नायलॉनचे जुने जाळे कापून काढले. त्यात एक कुर्ली, म्हणजे खेकडा, अजून जिवंत होती. काकांनी तिचे नांगे टाळून एकेक फास सोडवला, आणि ओले जाळे त्यांच्या होडीत घेतले. ते पाण्याबाहेर बरेच जड भरले. तेव्हापासून माझ्या जॅकेटच्या खिशात बोथट टोकाचा चाकू असतो.

देवबागजवळ ओहोटीने वाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि गुडघाभर पाण्यात बायका मुळे व तिसऱ्या हे खाण्याचे शिंपले गोळा करत होत्या. पर्यटकांच्या वेगवान होड्या त्यांच्यापासून काही हातांवरून जात होत्या. खाडीत वेगाची मर्यादा हवी, निदान ओहोटीच्या तासांत आणि काठालगत हवी, असे माझे ठाम मत आहे. ती आली तर झाडांच्या बरोबरीने या बायकांचाही रोजगार राखला जाईल. वेगाशिवायही पर्यटनातून कमावणे अशक्य नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, झाडांची आणि पक्ष्यांची माहिती देतात आणि त्यावर मिळकतही करतात.

आता मी दर हिवाळ्यात भांगाच्या दिवसांत कर्लीत उतरते. तुटलेला काठ किंवा तोडलेले कांदळ दिसले की ठिकाण, तारीख आणि छायाचित्र यांची नोंद ठेवते आणि ती वन विभागाला व तहसील कार्यालयाला लेखी कळवते. मागच्या वर्षीच्या एका नोंदीनंतर पाहणी झाली, दोन नोंदींना अजून उत्तर नाही. त्या मी येत्या अष्टमीला पुन्हा जाऊन ताज्या छायाचित्रांसह पाठवणार आहे.